कागदी अर्जापासून मोबाइलपर्यंत : लहान गुंतवणूकदार डिजिटल सेवांकडे का वळला?

तापीच्या मुखाशी वसलेले सुरतजवळील हजीरा पोलाद, खते आणि पेट्रोरसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तेथील रिलायन्सच्या संकुलात लहान गुंतवणूकदारांचाही पैसा आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. १९८८ मध्ये रिलायन्स पेट्रोकेमिकल्सने या प्रकल्पासाठी परिवर्तनीय कर्जरोखे विकून सुमारे ६०० कोटी रुपये उभारले. पुढे १९९२ मध्ये ही कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली.

त्या काळी गुंतवणूक म्हणजे छापील अर्ज, धनादेश आणि टपालाची प्रतीक्षा. शेअर विकताना सही नमुन्याशी जुळली नाही, तर कागद परत येत. प्रमाणपत्रे गहाळ होत, कधी बनावटही निघत. डिजिटल सेवांच्या स्वीकाराचे मूळ या मनस्तापात आहे. नावीन्याचे आकर्षण त्यामानाने दुय्यम.

माणूस नवे तंत्रज्ञान का स्वीकारतो, याचे उत्तर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन शब्दांत दिले : उपयुक्तता आणि सुलभता. पैशाच्या व्यवहाराला एवढे पुरत नाही. तेथे विश्वास लागतो, आणि आपल्याकडे त्यात सक्तीचाही वाटा आहे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने डिमॅटचा मार्ग खुला केला. एप्रिल २०१९ पासून वारसाहक्कासारखे अपवाद वगळता कागदी शेअरचे हस्तांतरणच थांबले.

त्यानंतरची वाढ विलक्षण आहे. मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. (खाती म्हणजे माणसे नव्हेत, एकाची दोन-तीन खातीही असतात.) टाळेबंदी, आधारद्वारे ओळखपडताळणी, यूपीआय आणि स्वस्त दलाली ही त्यामागची कारणे. हजीऱ्यातील पाळीवर जाणारा कामगार असो वा सत्तरीतील बागायतदार, शाखेच्या वेळा पाळण्यासाठी त्याला दिवस मोडावा लागत नाही. म्युच्युअल फंडांच्या २०१३ पासून उपलब्ध झालेल्या थेट योजनांत वितरकाचे कमिशनही वाचते.

मात्र प्रतीक्षा संपली, तशी विचाराची सवडही आटली. सप्टेंबर २०२४ मधील सेबीच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खाते उघडण्याची सुलभता ही गुंतवणुकीच्या सुरक्षिततेची हमी मानली जाते, आणि नवखा फसतो तो येथेच.

दुसरीकडे, अनेक घरांत वडिलांच्या नावाची जुनी प्रमाणपत्रे अजून ट्रंकेत पडून आहेत. सलग सात वर्षे लाभांशावर दावा न झाल्यास असे शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसांना ते परत मिळवता येतात. पण त्यासाठीचा अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो आणि शेअर जमा होण्यासाठी डिमॅट खातेही लागते.