बारा जोड्यांची परीक्षा

बंगळूर म्हटले की मराठी माणसाला शहाजीराजांची जहागीर आठवते. त्याच बंगळुरात १९२५ साली म्हैसूर सरकारने आपल्या वेड्यांच्या इस्पितळाला मनोरुग्णालय हे नाव दिले. हा पालट लहान नव्हे; वेड हा रोग आहे, ही कबुली त्यात होती. १९५४ साली त्याला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, चार वर्षांनी तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग आला आणि १९७४ मध्ये रुग्णालय व संस्था एक होऊन 'निम्हान्स' झाली. मनाचे वैद्य आणि मज्जातंतूंचे वैद्य एकाच आवारात कशासाठी?

उत्तर नाकापाशी सापडते. मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पहिली गंधाची. मेंदूच्या पुढच्या भागाखाली गाठ वाढू लागली, तर कधी कधी माणूस उदासीन होतो, भीडभाड सोडतो. घरचे म्हणतात, याचे डोके फिरले. अशा रुग्णाचे डोळे मिटवून एकेका नाकपुडीपाशी कॉफीची पूड धरली, तर एका बाजूस वास लागत नाही, असे आढळते. त्याच बाजूचा दृष्टीचा तंतू दाबाने फिकट पडलेला असतो आणि दुसऱ्या डोळ्यात तो सुजलेला दिसतो. हा मेळ फॉस्टर केनेडी यांनी १९११ साली मांडला. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच दिले होते. कॉफीला तर कोणाचीच वाट पाहावयाची नव्हती! तरीही घाईच्या तपासणीत हीच पहिली जोडी बहुधा वगळली जाते.

बारा ही संख्यादेखील सहजासहजी ठरली नाही. दुसऱ्या शतकातील गेलेनने सातच जोड्या मानल्या आणि त्याचा शब्द शतकानुशतके प्रमाण राहिला. १६६४ साली टॉमस विलिस यांनी नवी मांडणी केली. परंतु चेहऱ्याचा तंतू आणि श्रवणाचा तंतू त्यांनी एकाच जोडीत ठेवले. ते वेगळे करून आजची बारांची गणती दिली ती सोमरिंग या जर्मन विद्वानाने, १७७८ साली.

चेहऱ्याची, म्हणजे सातव्या जोडीची परीक्षा मला विशेष कौतुकाची वाटते. तोंड एका बाजूस वाकडे झाले आहे, वैद्य म्हणतो, "कपाळाला आठ्या घाला." दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या, तर दोष बहुधा वर मेंदूत असतो, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते. अर्धे कपाळ गुळगुळीत राहिले, तर दोष त्या तंतूतच. मेंदूचे काप दाखविणारी यंत्रे आज आहेत. पण त्यांच्याकडे कोणाला आणि किती तातडीने धाडावयाचे, हे अशा आठ्यांवरूनच कळते.

दात आवळावयास सांगून पाचव्या जोडीच्या ज्या शाखेची परीक्षा होते, ती कवटीच्या तळाशी एका लंबगोल छिद्रातून बाहेर पडते. बंगळूरच्या याच संस्थेत डॉ. आर. एम. वर्मा यांनी कंपवातावरील उपचारासाठी गालातून सुई घालून त्याच छिद्रावाटे मेंदूच्या गाभ्यापर्यंत नेली. कवटीला भोक पाडण्याची गरज उरली नाही.