बिगारी : एका शब्दाचा इतिहास (थ्रेड)

१/ सकाळी सातच्या सुमारास मुकुंदवाडीच्या नाक्यावर उभे राहिले, की कामाच्या प्रतीक्षेतील माणसे दिसतात. गवंडी, रंगारी आणि बिगारी. यांतला 'बिगारी' म्हणजे विटा-वाळू वाहणारा. हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो, की त्याच्या पोटात काय दडले आहे याकडे लक्ष जात नाही. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी.

२/ 'बिगार' अथवा 'बेगार' हा फारसीतून आलेला शब्द. सक्तीने, मोबदल्याविना करवून घेतलेले काम. त्याच्या जोडीला असलेला 'वेठ' मात्र संस्कृत 'विष्टि'पासून आला. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट पाहा. ब्राह्मणांना गाव दान देताना राजा ज्या सवलती देतो, त्यांत विष्टीतून मुक्तता हीदेखील आहे. एका गावाला सूट लिहून द्यावी लागते, याचा अर्थ उरलेल्या गावांना ती नव्हती. आपण अजिंठ्याची चित्रे पाहायला जातो ती याच राजवंशाच्या काळातली आहेत, हे जाता जाता ध्यानात असू द्यावे.

३/ आता आपल्या शहराकडे वळू. १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविणारा मलिक अंबर स्वतः विकला गेलेला माणूस होता. इथिओपियात जन्म, बालपणीच गुलामांच्या बाजारात विक्री, बगदादमार्गे दख्खन आणि अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याची मालकी. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच! धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि पुढे त्याने मुघलांना दख्खनेत वर्षानुवर्षे झुंजविले. त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी या शहराने कित्येक पिढ्या प्यायले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादेत आहे.

४/ अंबराची कथा सांगताना आपण हमखास एक चूक करतो. 'गुलाम असूनही मोठा झाला' असे म्हणून थांबतो. लष्करी गुलामीत तलवार हाती असे, म्हणून क्वचित कोणी वर चढे. त्याच दख्खनेत घरकामासाठी विकत घेतलेल्या बटकी आणि कुणबिणीही होत्या. पेशवाईच्या कागदपत्रांत त्यांची खरेदी-विक्री, किंमत, क्वचित पळून जाणे, सारे काही नोंदलेले आढळते. त्यांच्या नावाने कोणतेही नगर वसले नाही.

५/ १८४३ चा पाचवा कायदा 'भारतातील गुलामगिरी संपविणारा' म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याने एवढेच केले, की गुलामावरील मालकी हक्क न्यायालये यापुढे मान्य करणार नाहीत. माणूस विकत घेणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. पण तोवर बाजारात उभे करून विकण्याची गरजच उरली नव्हती. कर्ज पुरेसे होते.

६/ निजामाच्या हैदराबाद संस्थानात, विशेषतः तेलंगणात, त्याला 'भागेला' म्हणत. घेतलेल्या रकमेपोटी माणूस सावकाराच्या शेतावर राबे, आणि फिटले नाही तर मुलगा राबे. मराठी मुलखात महार वतनाचे रूप निराळे होते. नाममात्र जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारी व गावकीची कामे वेळी-अवेळी करावी लागत, घरातला पुरुष हजर नसला तर दुसऱ्याने जावे लागे. १८७४ च्या ज्या मुंबई कायद्यावर ही व्यवस्था उभी होती, त्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले.

७/ संविधानाचा अनुच्छेद २३ मूळ इंग्रजीत वाचून पाहा. तेथे 'बेगार' हाच शब्द आहे. जणू इंग्रजी भाषेपाशी त्या अनुभवाला प्रतिशब्द नव्हता. म्हणजे नाक्यावरच्या 'बिगारी'चा सख्खा भाऊ देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजात, निषिद्ध म्हणून, नोंदलेला आहे.

८/ १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आला. त्याच्या व्याख्येत देशभरातील अशा प्रथांची नावे क्रमाने दिली आहेत. त्यांत भागेला आणि वेट्टी दोन्ही आहेत. परंतु यादीपेक्षा व्याख्या महत्त्वाची आहे. साखळदंड असलाच पाहिजे, असे ती म्हणत नाही. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे माणसाला दुसरे काम धरता येत नसेल, हवे तिथे जाता येत नसेल, आपले श्रम बाजारभावाने विकता येत नसतील, यांतले काही एक असले तरी पुरे.

९/ या निकषाने नाक्यावरचा बिगारी पाहू. त्याचे हाल आहेत, पण भाव पटला नाही तर तो नाही म्हणू शकतो आणि उद्या दुसऱ्याबरोबर जाऊ शकतो. आता बीडकडचा ऊसतोड मजूर पाहू. पावसाळ्यात मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. हिशेबात दोन माणसांचे एक अवजार होते. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड कारखान्याकडे निघते. मजुरी टनावर मोजून उचलीतून वळती होते, आजारपणाने खाडा पडला तर दंड, आणि हंगाम संपताना बाकी उरली तर ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

१०/ खाड्याच्या दंडाची किंमत २०१९ मध्ये उघड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे खासगी रुग्णालयांचे वर्तन होते, बालविवाह होते, आणि पाळीच्या दिवसांतही खाडा न परवडणारा हिशेबही होता.

११/ प्रत्येक ऊसतोड मजूर वेठबिगार असतो, असे माझे म्हणणे नाही. अनेक जण उचल फेडून मोकळे होतात, काही मुकादम स्वतः कर्जात बुडतात. परंतु 'त्यांनी स्वखुशीने पैसे घेतले' हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच निकाली काढला आहे. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी म्हटले, की भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्तीच आहे आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवरचे काम हे अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीचे श्रम होत.

१२/ हा थ्रेड वाचणाऱ्यांत विद्यापीठातले बरेच जण असतील. दिवाळीनंतर वर्गातल्या कोणाची हजेरी एकाएकी कोरी पडू लागली, तर त्याचे आईवडील कुठे गेले आहेत हे प्राध्यापकांनी एकदा विचारावे. तुमच्या आवारात नवी इमारत उभी राहत असेल, तर तिथल्या मजुराशी बोला. उचल किती घेतली, हिशेबाचा कागद कोणाकडे, आधार कार्ड कोणाच्या खिशात, मधेच गावी जायचे ठरवले तर जाऊ देतात का? उत्तरे खटकली तर तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते. १९७६ च्या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमणे बंधनकारक केले आहे. आणि त्याच कायद्याचे कलम १५ वाचून ठेवा : कर्ज हे वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे.