उलथापालथीच्या वर्षात काय ऐकावं

गेल्या महिन्यात तीन बचत गटांकडून एकच मागणी आली. "ताई, फोनवर ऐकायला काहीतरी चांगलं सांगा. ते पॉडकास्ट का काय म्हणतात ते." पॉडकास्ट म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. रेडिओवरचं बोलणं आपल्या वेळेला ऐकता येतं, एवढाच फरक. भाकरी थापताना लावा, सासूबाईंनी हाक मारली की थांबवा, रात्री उरलेलं ऐका. नावं मी सांगणारच आहे. पण आधी थोडा इतिहास सांगते, कारण वाईट वर्षात माणूस काय ऐकतो आणि कुणाचं ऐकतो, यावर पुष्कळ काही ठरत असतं.

२०२० सालच आठवा. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यात सापडले. २५ मार्चपासून देश बंद. गावागावांनी वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ते अडवले. पण त्याच्याही आधी एक रोग पसरला होता, तो कानातून. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असं कुणीतरी फोनवर पाठवलं आणि ते घराघरांत फिरलं. खरं-खोटं कळेपर्यंत कोंबडीचे भाव कोसळले. कर्ज काढून शेड बांधलेल्यांनी पक्षी कवडीमोलाने विकले. त्यातल्या किती शेडचा रोजचा कारभार बायका बघत होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग १६ एप्रिलची रात्र. पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघांना जमावाने ठार मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरतात, ही अफवा त्या भागात काही दिवस आधीपासून होती. बंदीच्या काळात बाहेरचं माणूस नाही, पेपर नाही, खरी बातमी सांगायला कुणी नाही. नुसता फोन.

खरी बातमी मिळणं बंद झालं की काय होतं, हे १९४२ सालच्या लोकांनाही माहीत होतं. ९ ऑगस्टला सगळे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली आणि रेडिओ तर सरकारचाच होता. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या २२ वर्षांच्या मुलीने चार-पाच साथीदारांबरोबर चोरून रेडिओ केंद्र काढलं. २७ ऑगस्टला पहिला कार्यक्रम झाला. हा काँग्रेस रेडिओ, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर, अशी त्याची सुरुवात असायची. पोलीस माग काढत म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचं. विदर्भात आष्टी आणि चिमूरला लोकांवर, तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची सोय नव्हती. ते या रेडिओने सांगितलं. तीन महिनेही झाले नव्हते, तोच १२ नोव्हेंबरला त्यांना पकडलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात काढली. १९४६ साली सुटल्या. आता त्यांच्यावर 'ऐ वतन मेरे वतन' नावाचा सिनेमा निघाला आहे. सिनेमा सिनेमासारखा आहे, पण मुली ऐकत नसतील तर निदान तो तरी बघू द्या.

आता मी मूळ गोष्टीवर येते. ती पुणे जिल्ह्याची आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

साल १९५६. तेही साधं वर्ष नव्हतं. जानेवारीत पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं, मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अमरशेख आणि अण्णाभाऊ साठ्यांचे पोवाडे लोकांच्या तोंडी होते. आणि याच दिवसांत पुण्याच्या आकाशवाणीवर दोन गोष्टी चालू होत्या. केंद्र तरी केवढं जुनं, तर २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं, अडीच वर्षांचं लेकरू. एक होतं गीतरामायण. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, ५६ गाणी. एप्रिल १९५५ ला सुरू होऊन एप्रिल १९५६ ला संपलं. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायचे, हे जुन्या बायकांकडून तुम्हीही ऐकलं असेल.

दुसरी गोष्ट हार घालण्यासारखी नव्हती, पण माझ्या मते तेवढीच मोठी होती. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीसेक माणसांचं एक मंडळ केलं. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास पुणे केंद्रावरून खास त्यांच्यासाठी कार्यक्रम लागायचा. असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि उठून जायचं नाही. बसून बोलायचं. हे आपल्या गावात होईल का? खर्च कोण करणार? गेल्या वेळेला का फसलं? मंडळाचा चिटणीस ते लिहून घ्यायचा, शंका पत्राने पुण्याला पाठवायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती आणि ती करणारा माणूस होता पॉल न्यूरथ. व्हिएन्नाचा. हिटलरच्या लोकांनी त्याला डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं होतं. तिथून सुटून तो अमेरिकेला गेला, समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि आपल्या गावांत लोक रेडिओ कसा ऐकतात हे मोजायला आला. मला यात फार अर्थ दिसतो. ज्या राजवटीने रेडिओ घराघरांत पोचवून लोकांना फक्त ऐकायला लावलं, तिच्या तावडीतून सुटलेला माणूस रेडिओ ऐकून उलट बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास करत होता.

न्यूरथने तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही होतं. काहींत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. आणि काहींत रेडिओच नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत माहिती भरभरून वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फार थोडी. म्हणजे पेटी गावात आणून ठेवली की गाव शहाणं होत नाही. ऐकल्यावर जी बडबड होते तिने काम होतं. आपल्याला लहानपणापासून 'बायका फार बोलतात' असं ऐकवलं गेलं, ते इथे जरा बाजूला ठेवूया.

पुढे १९५९ मध्ये हा प्रयोग देशभर नेला. तसा जोम मात्र राहिला नाही. सरकारी योजनांचं होतं तेच झालं, मंडळं कागदावर वाढली.

आणि एक गोष्ट मला खटकते. ती मंडळं बहुतेक करून पुरुषांचीच होती. संध्याकाळची वेळ, म्हणजे धारा काढायच्या आणि चूल पेटवायची. शेतीवर चर्चा चालली होती आणि निम्म्याहून जास्त खुरपणी करणारी घरात धुरात होती.

पण घरात राहूनही बायकांचं स्वतःचं एक केंद्र होतंच. पहाटे जात्यावर बसलेल्या दोघी एकमेकींना सांगत होत्या, त्या ओव्या. हे कुणी जपलं, तर आपल्याच मुळशी तालुक्यात काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या जोडीने. गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर ते काम करत होते. बैठकीत न बोलणारी बाई ओवी म्हटली की मोकळी होते, हे त्यांनी पाहिलं आणि ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. कोळावडे, नांदगाव अशा आपल्या मावळातल्या गावांपासून काम वाढत राज्यभर गेलं. एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया. १९९० नंतर बेर्नार बेल यांनी पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही केलं. गी २००४ साली गेले. हेमाताईही आता नाहीत. पण २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या फोनवर ऐकता येतील अशा ठेवल्या आहेत. पैसे पडत नाहीत.

तर माझी पहिली शिफारस हीच. 'पारी' उघडा आणि 'जात्यावरच्या ओव्या' शोधा. मुळशीच्या बायांपासून सुरुवात करा, बोली आपलीच आहे. मग माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या ऐका. मग परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. त्यांचा आवाज ऐकताना काम करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. लॉकडाऊनमध्ये दार लावून बसलेल्या बाईला जे वाटलं, ते या बायांनी कितीतरी आधी म्हणून ठेवलेलं आहे: माहेर लांब, वाट बंद, भाऊ येईना.

दुसरी शिफारस अशी की आपल्यासारखी इतर केंद्रं ऐका. आपल्याला बोलायचा हा हक्क फुकट मिळालेला नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची खासगी नाही. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर ते इथे शेजारी बाणेरला राहत, २०२१ मध्ये गेले. त्यानंतरही २००६ उजाडलं, तेव्हा कुठे आपल्यासारख्या संस्थांना केंद्र काढायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये तेलंगणात पस्तापूरच्या संस्थेने दलित शेतकरी बायांचा संगम रेडिओ सुरू केला आणि त्याच सुमाराला आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी. माणदेशीची भाषा ऐका. धंदा, बँक, जनावरं, सासुरवास, सगळं त्यात येतं.

पोरांसाठी एक सांगते. शाळा बंद पडल्या तेव्हा घरात एकच फोन, त्यावर थोरल्याची शाळा, धाकटा रिकामा आणि आईच्या हातात काहीच नाही, ही आमच्या आळीतली गोष्ट; तुमच्याकडेही वेगळी नसेल. नागपूरच्या आकाशवाणीने 'प्रथम' संस्थेबरोबर 'शाळेबाहेरची शाळा' नावाचा कार्यक्रम काढला. घरातल्या वस्तूंनी करायचे खेळ, गोष्टी, आकडेमोड, आणि आईने बरोबर बसायचं. त्यासाठी महागडा फोन लागत नव्हता. ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुळशी-मावळात पत्रे उडाले, वीज गेली आणि फोन मुके झाले. तेव्हा सेलवरचा रेडिओच कामाला आला. तो माळ्यावरून काढून ठेवा, मी अजून ठेवला आहे.

जगातलं काही समजून घ्यायचं असेल तर बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' आहे. एका वेळी एकच प्रश्न घेतात आणि सावकाश सोडवतात. तिथे कुणी ओरडत नाही, म्हणून मला आवडतं. फोनवर आरडाओरडा करणारे पुष्कळ आहेत. त्यांची नावं मी घेत नाही, तुम्ही ओळखता.

एकटीने कानात घालून ऐकायला माझी ना नाही, पण गटाने ऐकायचं तर १९५६ च्या पद्धतीने करून बघा. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, की वीस मिनिटं काहीतरी लावायचं. मग फोन पालथा ठेवायचा. अर्धा तास बोलायचं. हे कुणी सांगितलं, त्याला कसं कळलं, यात कुणाचा फायदा, हे विचारायचं. एकीने चार ओळी लिहून घ्यायच्या. वेळ संध्याकाळची नको, दुपारची धरा. त्या ओळी आणि तुमच्या शंका आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या पुढच्या कार्यक्रमात वाचू आणि ज्याला उत्तर माहीत असेल त्यालाच माइकपुढे बसवू.

सूसच्या दोन गटांनी सुरुवात केली आहे. पहिल्या बैठकीला कोळावड्याच्या ओव्या लावल्या. तिसऱ्या ओवीला एक आजी म्हणाल्या, "ही चुकली, आमच्यात अशी नाही म्हणत." आणि त्यांनी आपली म्हणून दाखवली. ती आम्ही रेकॉर्ड केली आहे, येत्या गुरुवारी लावू.