दुखणे, दुःख आणि दुखवटा

राजांच्या सनदा दप्तरांत जपल्या जातात. परंतु घरातल्या माणसाने कण्हताना कोणता शब्द उच्चारला, याची नोंद भाषेवाचून दुसरे कोणी ठेवीत नाही. म्हणून आज आपण ‘दुःख’ ह्या एका शब्दाचा माग काढू.

संस्कृतातील ‘दुःख’ प्राकृतात ‘दुक्ख’ झाले आणि मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. विसर्गासह ‘दुःख’ पोथीतून आले. विसर्ग गळालेले ‘दुखणे’ घराघरांतून आले. दुःख मनाला होते, दुखणे अंगाला येते. ‘दुखणाईत’ म्हणजे आजारी. दुःखी मनुष्य नव्हे. ‘माझे दुखते आहे’ म्हटले की ऐकणारा ‘कोठे?’ म्हणून विचारतो. ‘मला दुःख होते’ म्हटले की तो बहुधा गप्पच होतो.

ही वाटणी मुळातली मात्र नव्हे. बुद्धाने पहिल्या आर्यसत्यात जे दुःख सांगितले, त्यात जरा, व्याधी, मरण आणि शोक हे सारेच येते. सांख्यांनी दुःख त्रिविध मानले आणि त्यांच्या टीकाकारांनी आध्यात्मिक दुःखात शारीर व मानस असे दोन्ही प्रकार धरले. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात हेच तीन ताप वर्णिले. आध्यात्मिक तापाचा समास म्हणून काही गूढ ऐकावयास मिळेल अशा अपेक्षेने जो पोथी उघडील, त्याला तेथे खरूज आणि नारू भेटतील!

बोलीनेही हे नाते पुरते तोडले नाही. शेजाऱ्याचे बरे झालेले पाहवत नाही तेव्हा पोट दुखते. शब्द लागला की माणूस दुखावतो. लांबलेला कज्जा डोकेदुखी होतो. मनाचे गाऱ्हाणे आम्ही शरीराच्या तोंडून सांगतो.

त्याच कुळातला ‘दुखवटा’ पाहा. मराठेशाहीत कोणी मातबर निवर्तला, तर त्याच्या घरी दुखवट्याची वस्त्रे जात. आजही आप्तेष्ट दुखवटा घेऊन येतात आणि सरकारही तो जाहीर करते. शोकाला मुदत, रीत आणि विचारपूस करणारी माणसे ह्या शब्दाने मिळवून दिली. पण ही सोय मृत्यूपुरती. जिवंत माणसांच्या घरात ज्याचे मन खचले, त्याच्या दारी वस्त्रे घेऊन कोण जातो?

त्याच्या वाट्याला दुसराच वाक्प्रचार येतो: ‘दुखणे अंगावर काढणे’. औषधपाणी न करता काम रेटीत राहणे, हा त्याचा अर्थ. आणि आम्ही तो घरातल्या बायकांच्या बाबतीत पुष्कळदा कौतुकाने वापरतो. मग जिचे मन दुखते, ती ‘कंबर दुखते’ म्हणून सांगते. कारण कंबरेला घटकाभर विसावा मिळतो, मनाला मिळत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. कायद्याने आपले काम केले. घरातले काम मात्र आपल्याकडेच आहे, आणि त्यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. पूर्वजांनी शरीर आणि मन ह्या दोहोंसाठी एकच शब्द वापरला होता. विसर्गाचा भेद लिहिण्यापुरता राहू द्यावा. विचारपूस करताना तो पाळू नये, एवढेच आमचे मागणे आहे.