डिफरेन्शिएबल स्टॅक व ली ग्रुपॉइड

डिफरेन्शिएबल स्टॅक व ली ग्रुपॉइड : अवकल भूमितीतील एकमेकींत गुंतलेल्या दोन संकल्पना. मॅनिफोल्डवर ली गटाची क्रिया चालू असताना, किंवा फोलिएशनमुळे तो पानापानांत विभागलेला असताना, मिळणारा कोशंट पुष्कळदा मॅनिफोल्ड राहत नाही. कोणते बिंदू एकरूप झाले एवढेच त्यात उरते. ते किती प्रकारे एकरूप झाले ही माहिती नाहीशी होते. ही माहिती बाणांच्या रूपात जपणारी रचना म्हणजे ली ग्रुपॉइड. निरनिराळे ग्रुपॉइड एकाच कोशंटचे वर्णन करत असतील, तर त्यांच्यामागची समाईक वस्तू म्हणजे डिफरेन्शिएबल स्टॅक. प्रस्तुत नोंदीत भर बंडल आणि कनेक्शन यांवर आहे. महाराष्ट्रात या विषयाला लागून जे काम झाले ते प्रामुख्याने त्याच अंगाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले.

व्याख्या व उदाहरणे : ग्रुपॉइडमध्ये दोन संच असतात, बिंदूंचा आणि बाणांचा. प्रत्येक बाणाला एक आरंभबिंदू व एक अंत्यबिंदू असतो. पहिला बाण जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू होत असेल तरच दोघांचा संयोग होतो. प्रत्येक बिंदूपाशी एक तटस्थ बाण असतो आणि प्रत्येक बाण उलटवता येतो. जालना ते परभणी आणि परभणी ते नांदेड हे प्रवास जोडता येतात, पण जालना ते परभणी आणि मनमाड ते लासूर हे जोडता येत नाहीत, तसेच हे आहे. गटात कोणत्याही दोन घटकांचा गुणाकार होतो. इथे तो अटीवर होतो. दोन्ही संच मॅनिफोल्ड असतील, सर्व क्रिया गुळगुळीत असतील आणि आरंभ व अंत्य ही दोन्ही फलने सबमर्शन असतील, तर तो ली ग्रुपॉइड होय. एकाच बिंदूपासून त्याच बिंदूपर्यंत जाणाऱ्या बाणांचा ली गट बनतो. त्याला त्या बिंदूचा आयसोट्रॉपी गट म्हणतात.

मॅनिफोल्ड हा केवळ तटस्थ बाण असलेला ग्रुपॉइड, आणि ली गट हा एकच बिंदू असलेला ग्रुपॉइड. या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत उपयोगी आहे तो क्रिया-ग्रुपॉइड : गट G हा M वर क्रिया करत असेल, तर M चा प्रत्येक बिंदू x आणि गटाचा प्रत्येक घटक g यांच्या जोडीमागे x पासून gx पर्यंत एक बाण.

बाण जपल्याने काय हाती राहते हे पुढील उदाहरणात स्पष्ट दिसते. n मितींच्या अवकाशावर ऑर्थोगोनल गट O(n) शून्यबिंदूभोवती क्रिया करतो. कक्षा म्हणजे समकेंद्री गोल, आणि गोल ठरतो तो त्रिज्येने. त्यामुळे n कितीही असो, नेहमीचा कोशंट एकच, शून्यापासून पुढे जाणारी अर्धरेषा. तिच्याकडे पाहून n ओळखता येत नाही. क्रिया-ग्रुपॉइडमध्ये मात्र शून्यबिंदूपाशी O(n) आणि इतरत्र O(n−१) असा आयसोट्रॉपी गट शिल्लक असतो. स्टॅकची मिती बिंदूंच्या मितीतून गटाची मिती वजा करून काढतात, म्हणजे n − n(n−१)/२. n = १ व २ साठी ती १ येते, n = ३ साठी ०, आणि n = ४ साठी −२. ऋण मिती ही नुसती आकडेमोड नव्हे. ज्या कोशंटमध्ये बिंदूंपेक्षा सममितीचा पसारा मोठा आहे त्याचे हे अचूक माप आहे.

दुसरे प्रमाणभूत उदाहरण टोरसवर अपरिमेय उताराने गुंडाळत जाणाऱ्या रेषांचे. प्रत्येक रेषा टोरसवर सर्वत्र दाट पसरते, म्हणून कोशंटची संस्थिती शून्यवत होते. ग्रुपॉइड मात्र पूर्ण शाबूत राहतो. आलँ कॉन यांच्या अविनिमेय भूमितीला इथूनच आधार मिळाला.

इतिहास : ग्रुपॉइडची कल्पना हाइनरिख ब्रांट यांनी १९२६ साली चार चलांच्या द्विघाती रूपांच्या संयोगाचा अभ्यास करताना मांडली. तिला अवकल भूमितीत आणले ते शार्ल एरेसमान यांनी, १९५० च्या दशकात. झाँ प्रादिन यांनी १९६६ ते १९६८ च्या छोट्या टिपणांत ली ग्रुपॉइड आणि ली अल्जिब्रॉइड यांचे नाते उलगडले. प्रत्येक अल्जिब्रॉइडमागे ग्रुपॉइड असतोच असे नाही. त्याची नेमकी अट मारिउस क्राय्निक व रुई लोजा फर्नांडिस यांनी २००३ मध्ये दिली. स्टॅकची वाट वेगळी आहे. ती बैजिक भूमितीतून, ग्रोतेंडीक यांच्या डिसेंटच्या विचारातून आली : जिरो, दलीन्य व ममफर्ड (१९६९), आर्टिन (१९७४). काई बेरेंड व पिंग शू यांच्या ‘डिफरेन्शिएबल स्टॅक्स अँड जर्ब्ज’ या लेखामुळे (मुद्रित २०११, त्याआधी काही वर्षे हस्तलिखित रूपात प्रसृत) या दोन वाटा अवकल भूमितीत एकत्र आल्या.

ग्रुपॉइडकडून स्टॅककडे : स्टॅक म्हणजे प्रत्येक मॅनिफोल्ड S ला एक ग्रुपॉइड नेमून देणारा नियम. S वर पसरलेली कुटुंबे हे त्याचे बिंदू आणि कुटुंबांमधील एकरूपता हे बाण. ही कुटुंबे दुसऱ्या मॅनिफोल्डवर ओढून नेता आली पाहिजेत आणि S च्या तुकड्यांवरची कुटुंबे एकरूपतांच्या साहाय्याने जुळवून सांधता आली पाहिजेत. याखेरीज एखाद्या मॅनिफोल्डवरून त्यावर सबमर्शनसारखे आच्छादन मिळाले, तर तो स्टॅक डिफरेन्शिएबल. या आच्छादनाला अ‍ॅटलास म्हणतात. अ‍ॅटलास निवडला की ली ग्रुपॉइड मिळतो, दुसरा निवडला की दुसरा मिळतो, आणि हे दोन मोरिटा-सममूल्य असतात, म्हणजे एकाच स्टॅकचे वर्णन करतात. सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा स्टॅक म्हणजे BG : तो S ला S वरील सर्व प्रिन्सिपल G-बंडलांचा ग्रुपॉइड नेमून देतो. त्याचा अ‍ॅटलास एक बिंदू आहे, आणि मिती G च्या मितीच्या उणे.

कनेक्शनचा प्रश्न : मॅनिफोल्डवरील प्रत्येक प्रिन्सिपल बंडलवर कनेक्शन असते, एककाच्या विभाजनाने ते बांधता येते. स्टॅकवर हे खरे राहत नाही, आणि या विषयाची खरी परीक्षा इथेच आहे.

BK या स्टॅकवरील प्रिन्सिपल G-बंडल म्हणजे K पासून G पर्यंतचा एक होमोमॉर्फिझम. अ‍ॅटलास एकच बिंदू असल्याने त्यावरील कनेक्शनला पर्याय एकच, मौरर–कार्तान रूप. पण स्टॅकवर उतरायचे तर ते K च्या क्रियेने निर्माण होणाऱ्या दिशांवर शून्य झाले पाहिजे, आणि त्या दिशांवर त्याचे मूल्य म्हणजे होमोमॉर्फिझमचा अवकलज. म्हणजे तो अवकलज शून्य असेल तरच कनेक्शन असते. K आणि G दोन्ही वर्तुळ-गट घेऊन प्रत्येक घटकाला स्वतःकडेच नेणारा होमोमॉर्फिझम निवडला, तर कनेक्शन नाही. तरीही या बंडलचा पहिला चर्न वर्ग शून्य नाही. कनेक्शनशिवाय चर्न वर्ग कसे मोजायचे, याचे उत्तर कॅमिल लॉरां-झांगू, झाँ-लुई त्यू व पिंग शू यांनी २००७ मध्ये छद्म-कनेक्शन (स्यूडो-कनेक्शन) वापरून दिले.

इंद्रनील बिस्वास (तेव्हा टाटा संस्थेत) व फ्रँक नॉयमान यांनी २०१४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या ‘काँत रांद्यू’मध्ये हाच प्रश्न अतियांच्या पद्धतीने हाताळला. मायकेल अतिया यांनी १९५७ साली दाखवले होते, की बंडलमधून स्पर्श सदिशांचा एक यथार्थ अनुक्रम मिळतो आणि कनेक्शन म्हणजे त्या अनुक्रमाचे विभाजन. बिस्वास व नॉयमान यांनी हा अनुक्रम ग्रुपॉइड व स्टॅक यांवरील बंडलांसाठी बांधला. पुढे सैकत चॅटर्जी व प्रफुल्ल कौशिक यांच्यासह हे काम विस्तारले. कनेक्शन आहे की नाही याचे निदान करणारी ही पद्धत केवळ अस्तित्वाचे प्रमेय सांगणाऱ्या पद्धतीपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण अडथळा नेमका कुठे आहे हे ती दाखवते.

मुंबईतील पूर्वकार्य : या प्रश्नाची पार्श्वभूमी मुंबईत अर्धशतकाआधी तयार झाली होती. झाँ-लुई कोझुल यांची फायबर बंडल व अवकल भूमिती यांवरील व्याख्याने टाटा संस्थेने १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची टिपणे एस. रामानन यांनी घेतली होती. एम. एस. नरसिंहन व रामानन यांचा ‘एक्झिस्टन्स ऑफ युनिव्हर्सल कनेक्शन्स’ हा लेख लगेचच, १९६१ मध्ये, ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला आणि दुसरा भाग १९६३ मध्ये.  

प्रमेय असे : मिती ठरावीक मर्यादेत ठेवली, तर एक असे बंडल आणि त्यावर एक असे कनेक्शन सापडते, की त्या मर्यादेतील कोणत्याही मॅनिफोल्डवरील कोणतेही कनेक्शन तिथूनच ओढून आणता येते. एकात्मक गटासाठी रचना अगदी हाताशी आहे. N ओळी व k स्तंभ असलेली संमिश्र मॅट्रिक्स A घ्यावी, जिचे स्तंभ परस्परांना लंब व एकक लांबीचे आहेत; म्हणजे A*A = I. अशा सर्व A चा स्टीफेल मॅनिफोल्ड बनतो. या समीकरणाचे अवकलन केले की A*dA हे रूप प्रति-हर्मिटियन निघते, आणि तेच वैश्विक कनेक्शन. N पुरेसा मोठा घेतला की सर्व कनेक्शन यात बसतात. सिद्धतेचा कस लागतो तो कोणतेही दिलेले रूप A*dA असे लिहिता येते हे दाखवण्यात. चर्न व सायमन्स यांनी १९७४ च्या आपल्या लेखात याच प्रमेयाचा आधार घेतला.

BG वरील बंडलला स्वतःचे कनेक्शन नाही, आणि तरीही वैश्विक कनेक्शन आहे, हा विरोध वरवरचा आहे. वैश्विक कनेक्शनचे घर BG नव्हे, तर ‘बंडल आणि त्यावरील कनेक्शन’ यांची जोडी मोजणारा दुसरा स्टॅक. त्याला सामान्यतः ∇ हे चिन्ह लावून लिहितात. त्याला परिमित मितीचा अ‍ॅटलास नाही, म्हणून वरच्या अर्थाने तो डिफरेन्शिएबल स्टॅक नव्हे. नरसिंहन व रामानन यांनी स्टॅकची भाषा हाती नसताना त्याच्या परिमित प्रतिकृती बांधल्या, असे आज म्हणता येते. डॅनियल फ्रीड व मायकेल हॉपकिन्स यांनी २०१३ मध्ये या स्टॅकवरील सर्व अवकल रूपे मोजली. निष्कर्ष असा, की कनेक्शनपासून स्वाभाविकपणे मिळणारी रूपे म्हणजे चर्न–वेल सिद्धांतातील अपरिवर्ती बहुपदीच. त्यापलीकडे काही नाही.

ऑर्बिफोल्ड व पॅराबोलिक बंडल : ज्या डिफरेन्शिएबल स्टॅकचे आयसोट्रॉपी गट सांत आहेत आणि जो प्रॉपर एताल ग्रुपॉइडने दाखवता येतो, तो ऑर्बिफोल्ड (मुरडाइक व प्राँक, १९९७). ही कल्पना मूळची इचिरो साताके यांची, १९५६ ची. नाव विल्यम थर्स्टन यांच्याकडे जाते. साताके यांच्या व्याख्येत फलनांची व्याख्या सैल होती, त्यामुळे बंडल ओढून आणणे अडे. ग्रुपॉइडच्या भाषेने ही अडचण दूर झाली.

मुंबईत हा विषय वेगळ्या वाटेने आला. नरसिंहन व सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ मध्ये रीमान पृष्ठावरील स्थिर बंडल आणि मूलभूत गटाची एकात्मक निरूपणे यांची सांगड घातली. पृष्ठावर शंकू-बिंदू आले की काय होते, या विचारातून शेषाद्रींची π-बंडले आणि पुढे विक्रम मेहता यांच्यासह १९८० मधील पॅराबोलिक बंडले आली. z हा निर्देशक असलेल्या चकतीवर w^N = z असे आच्छादन घेतले, की N क्रमाचा चक्रीय गट तंतूवर क्रिया करतो; e^(२πim/N) हे त्या क्रियेचे आयगेनमूल्य असेल तर m/N हे पॅराबोलिक वजन. बिस्वास यांनी १९९७ मध्ये ‘ड्यूक’ नियतकालिकात हे नाते सर्व मितींत प्रस्थापित केले : परिमेय वजनांची पॅराबोलिक बंडले म्हणजे ऑर्बिफोल्ड बंडले. अपरिमेय वजनांना असा ऑर्बिफोल्ड नाही.

रवी कुलकर्णी यांचे z-वर्ग : भूमितीत कुलकर्णी–नोमिझू गुणाकाराने परिचित असलेल्या रवींद्र श्रीपाद कुलकर्णी यांनी २००७ मध्ये गटातील दोन घटकांचे केंद्रक परस्परांना संयुग्म असतील तर ते एका z-वर्गात, अशी विभागणी मांडली. गट स्वतःवर संयुग्मनाने क्रिया करतो त्या ग्रुपॉइडमध्ये घटकाचा आयसोट्रॉपी गट म्हणजे त्याचा केंद्रक. तेव्हा z-वर्ग हे त्या ग्रुपॉइडच्या कक्षाप्रकारांचे वर्ग ठरतात. GL(२) मध्ये संमिश्र संख्यांवर संयुग्मन-वर्ग अनंत आहेत, पण z-वर्ग तीनच : अदिश मॅट्रिक्स, दोन भिन्न आयगेनमूल्यांच्या मॅट्रिक्स आणि जॉर्डन ठोकळे. पुण्याच्या आयसरमध्ये एकात्मक व इतर गटांसाठी या दिशेने काम झाले आहे.

मतभेद : मूळ वस्तू ग्रुपॉइड मानावी की स्टॅक, यावर एकमत नाही. बाणांचा मॅनिफोल्ड हाउसडॉर्फ असावा ही अट काही लेखक घालतात. फोलिएशनचा अभ्यास करणाऱ्यांना ती परवडत नाही. ऑर्बिफोल्डांची साधी कॅटेगरी पुरे, की फलनांमधील बाणांसकट द्वि-कॅटेगरीच हवी, हाही वाद आहे. यूजीन लर्मन यांनी २०१० मध्ये दुसऱ्या बाजूने मांडणी केली.

इतर अंगे : सिम्प्लेक्टिक ग्रुपॉइड १९८० च्या दशकात कारासेव व वाइनस्टाइन यांनी स्वतंत्रपणे मांडले. प्रॉपर ग्रुपॉइडांचे रेषीयीकरण झुंग यांनी २००६ मध्ये सिद्ध केले. देल ओयो व फर्नांडिस यांनी ग्रुपॉइडांवर आणि नंतर स्टॅकवर रीमान मेट्रिक मांडून त्याची सोपी सिद्धता दिली. उच्च स्टॅक व जर्ब यांचा विचार इथे केलेला नाही.