कुणबी, कास्तकार आणि इंग्रजीतला ‘बूर’

उद्धट, आडदांड माणसाला इंग्रजीत ‘बूर’ म्हणतात. मूळ डच शब्दाचा अर्थ नुसता शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतले डच शेतकरी तेच नाव अभिमानाने लावत, आणि १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिशांना त्यांच्याशी मोठे युद्ध करावे लागले. इंग्रजीत मात्र तो शब्द आधीच शिवीच्या पंगतीला बसला होता. ‘व्हिलन’चीही तीच गत: मुळात तो जमीनदाराच्या वाडीवर राबणारा. सभ्यपणा कशाला म्हणायचे हे शहर आणि दरबार ठरवू लागले की असे होते. संस्कृत साहित्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा काव्यातला दोषच मानला आहे.

बुलढाणा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या नावाचा प्रवास थोडा वेगळा झाला. ‘कुणबी’ हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘कुटुंबिन्’वरून, म्हणजे घरदार असलेला गृहस्थ या अर्थावरून आला, असे मानतात. फारसी ‘काश्तकार’ वऱ्हाडात ‘कास्तकार’ झाला आणि तो आजही आदराचाच आहे. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, बहुतेक गाव वावरात राबणारे. तिथे कोणी कोणाला गावंढळ म्हणावे? खामगावची कापूस-बाजारपेठ भरभराटीला आली, तीही याच कास्तकारांच्या पिकावर.

तरी मराठी अगदीच निर्दोष राहिली नाही. ‘कुणबी’ हे नाव शाबूत राहिले. तुच्छता व्यक्त करायला त्याला प्रत्यय जोडून ‘कुणबट’ आणि ‘कुणबाऊ’ घडवले गेले. स्त्रीलिंगी रूपाचे तर वाईटच झाले. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ म्हणजे दासी, जिची खरेदी-विक्री होत असे. इंग्रजीत शेतकऱ्याचे नाव शिवी झाले, मराठीत शेतकरणीचे नाव गुलामीला चिकटले. यात इंग्रजीला नावे ठेवण्यासारखे फारसे उरत नाही.

हा तिरस्कार उलटवण्याचे काम जोतीराव फुल्यांनी जाणूनबुजून केले. १८६९ च्या पवाड्यात त्यांनी शिवाजीराजांना, म्हणजे सिंदखेडराजात जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राला, ‘कुळवाडीभूषण’, म्हणजेच शेतकऱ्यांचे भूषण, म्हटले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. पुढे चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ मध्ये फुल्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि घाटावरच्या एका लहान गावाचे नाव सत्यशोधकी साहित्यात पक्के झाले.

स्वातंत्र्यानंतर शब्दाची किंमत सरकारी दप्तरात ठरू लागली. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात मोडतात. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या नोंदवह्यांत ‘कुणबी’ ही नोंद शोधण्याचे काम सुरू झाले. मोडी लिपी वाचणाऱ्यांना मागणी आली. महसुली कागदांपासून शाळांच्या दाखल्यांपर्यंत सगळी दप्तरे चाळली गेली.