नाण्यावरचा कृष्णराज

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या वायव्येस अकोले आणि संगमनेर हे तालुके नाशिकला लागून आहेत. अलीकडे मेटल डिटेक्टर विकत घेऊन नांगरलेल्या रानांतून आणि पांढरीच्या टेकाडांवरून हिंडणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढली आहे. यंत्र वाजते, बोटभर माती उकरली जाते, आणि हाताशी एखादी बारीक, काळवंडलेली चकती लागते. तिच्या एका अंगाला माणसाचे मुख, दुसऱ्या अंगाला बसलेला बैल आणि कडेने काही तुटकी अक्षरे. पहिला प्रश्न अर्थातच ‘हे कुणाचे?’ असा असतो. त्याचे उत्तर मिळायला किती वेळ लागू शकतो आणि कशाकशाची साक्ष काढावी लागते, हे पाहायचे तर अगदी अशाच वर्णनाच्या एका नाण्याची कथा नाशिक जिल्ह्यात घडून गेली आहे.

1870 च्या सुमारास बागलाणातील देवळाणे येथे चांदीच्या लहान नाण्यांचा साठा मिळाला. वजन सुमारे दोन ग्रॅम. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे राजमुख. मागे नंदी, आणि त्याच्याभोवती ब्राह्मीच्या उत्तरकालीन वळणात ‘परममाहेश्वर-मातापितृपादानुध्यात-श्रीकृष्णराज’ असा लेख. एका नाण्यावर ही सगळी अक्षरे क्वचितच उमटलेली असतात. कुठे ‘माहेश्वर’ दिसते, कुठे नुसते ‘ष्णराज’. पाचदहा नाणी शेजारी मांडून वाक्य पुरे करावे लागते. हस्तलिखितांच्या अनेक प्रती ताडून पाठ ठरवणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये.

वाचन तर झाले. पण हा कृष्णराज कोण? दख्खनच्या इतिहासात कृष्ण म्हटले की वेरूळच्या कैलासाशी जोडलेला राष्ट्रकूट पहिला कृष्ण आठवतो. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनाही तोच आठवला आणि नाणी राष्ट्रकूटांच्या नावे लागली. अडचण अशी की हा कृष्ण आठव्या शतकातला, आणि नाण्यावरचे अक्षरवळण त्याहून स्पष्टपणे जुने. तेव्हा राष्ट्रकूट हे नाव सोडण्याऐवजी काहींनी चौथ्या-पाचव्या शतकातला एक आधीचा राष्ट्रकूट कृष्ण कल्पिला. ज्याचा एकही लेख नाही, असा राजा केवळ नाण्यामुळे जन्मास आला! साहित्याच्या इतिहासातही एकाच नावाच्या दोन कवींचा असाच घोळ होतो, फक्त तिथे बहुधा दोघांचा एक केला जातो.

सुटकेची वाट नाण्यावरच लिहिलेली होती. धर्मनिष्ठेचे बिरुद नाण्यावर कोरण्याची प्रथा गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांवर आहे. तिथे ‘परमभागवत’ येते. पाचव्या शतकात नाशिक-कोकणच्या टापूत राज्य करणाऱ्या त्रैकूटक दह्रसेनाच्या नाण्यांवर ‘परमवैष्णव’ आहे. आपले नाणे याच घराण्यातले दिसते. घाट तोच, आकार तोच. फक्त विष्णूच्या जागी महेश्वर आला आहे. म्हणजे त्रैकूटकांच्या नंतरचा, त्याच प्रदेशात सत्ता मिळवलेला, शैव राजा शोधायला हवा होता.

तो कळवण तालुक्यातील अभोण्याच्या ताम्रपटात सापडला. कलचुरी राजा शंकरगण याचा हा दानलेख इ.स. 597 मधला. त्यात शंकरगणाच्या पित्याचे नाव कृष्णराज असे आहे आणि तो जन्मापासून पशुपतीचा आश्रय केलेला असल्याचे सांगितले आहे. काळ जुळला, प्रदेश जुळला, नाव जुळले, आणि नंदीही जुळला. पुढे वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो मोठा खंड 1955 मध्ये सिद्ध केला, त्यात ही सांगड साधार मांडली गेली, आणि तो कल्पित राष्ट्रकूट निकालात निघाला.

मला मात्र या कथेतला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचा ताम्रपट मिळाला. काळ इ.स. 710 च्या आसपास. त्यातल्या रकमा ‘कृष्णराज-रूपकां’त मोजल्या आहेत. तोवर कृष्णराज जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती, कलचुरींची सत्ता मोडून महाराष्ट्र बदामीच्या चालुक्यांकडे गेला होता. पण बाजारात चलन त्याच नावाचे. राजा विस्मरणात गेला असेल, रूपक गेले नाही. साष्टीपासून विदर्भात अमरावतीपर्यंत ही नाणी मिळाली आहेत, ती या दीर्घ आयुष्यामुळेच.

इथेच त्या यंत्रवाल्यांचा प्रश्न बदलतो. संगमनेरच्या रानात उद्या असे नाणे मिळाले तर ‘कुणाचे’ हे आता पाच मिनिटांत सांगता येईल. पण ते तिथे सहाव्या शतकात पडले की आठव्या, हे नाणे स्वतः सांगू शकत नाही. ते शेजारची माती सांगते: कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर, एकटे की गाडग्यात. प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. तिथल्या सातवाहन थरांतून नाणी मिळाली आणि रोमन मद्यकुंभांची खापरेही. दोन्ही एकाच मातीत मिळाल्याने त्यांचा एकमेकांशी संबंध लावता आला. तीच नाणी जुन्या बाजारातून आली असती तर नुसती सातवाहन नाणी राहिली असती.

कायदाही आहे, आणि तो देवळाण्याच्या साठ्यानंतर अवघ्या काही वर्षांतला. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दहा रुपयांची ती मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण त्यामुळे कायद्याचे जाळे उलट अधिक बारीक झाले आहे. व्यवहारात काय होते हे सांगायला नको. नाणे चिंचेने घासून लखलखीत केले जाते, अक्षरांचे उरलेसुरले कंगोरे झिजतात. मग छायाचित्र निघते आणि खाली किंमत विचारली जाते. गाव कोणते, शिवार कोणते, किती खोल, बरोबर काय होते, हे कुणी लिहून ठेवत नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे जाऊन ताडून पाहणेही फारसे कुणाला सुचत नाही. सराफाच्या काट्यावर कृष्णराजाचे रूपक दोन ग्रॅम चांदी भरते, आणि तेवढ्याच भावाने कधीकधी आटवलेही जाते.